सटवाईच्या आधी लिहिलेलं नाव

उल्हासनगरच्या भांडी बाजारात चंदरशेठच्या दुकानाच्या पायरीशी एक बुटकं टेबल आहे. त्या टेबलामागे अंजना गायकर बसते आणि गेली बावीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं घालते. लग्नातला हंडा असो, पूजेचा तांब्या असो, मंडळाचं पातेलं असो नाहीतर बारशाची वाटी असो, दुकानातून निघालेलं भांडं तिच्या हाताखालून गेल्याशिवाय घरी जात नाही. हातात विजेच्या मशीनची सुई असते. ती घूं घूं करत थरथरते आणि स्टीलवर बारीक रेघ उमटत जाते. सासऱ्यांच्या काळी हेच काम खिळा आणि हातोडीने चालायचं, ठिपका-ठिपका ठोकून. हात सासऱ्यांनी शिकवला, मशीन चंदरशेठने घेऊन दिली. चंदरशेठ सिंधी, आडनावाने हाक मारणारा, पण मनाचा मोकळा. बाईमाणूस बाजारात बसून मशीन चालवतं म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघायचे. आता कुणी बघत नाही.

नावांच्या बाबतीत या बाईला फसवून दाखवा. जुनं भांडं कुणी मोडीत आणलं की त्याच्यावरचं नाव वाचून ती घरचा अंदाज बांधणार. कोंडाजी, बनूबाई ही नावं ठिपक्यांतली, तांब्या-पितळेची. मग स्टील आलं, त्याच्यावर राजू आणि सनीचं पीक. मग तेजल, किर्ती, रिद्धी. आणि आता तर विचारूच नका! एका महिन्यात सात रियांश. पोरींमध्ये मायरा. आया येतात, सुनेचं नाव घालायला आलेल्या सासवांना बाजूला सारून हळूच विचारतात, ताई, हे नाव फार येतं का हो? कारण आजकालच्या आईबापांना एकच धास्ती, शाळेत हजेरी घेताना आपल्या पोराबरोबर आणखी तिघं ‘हजर’ म्हणायची.

अंजना खरं तेच सांगायची. तिच्याकडे वही असते. नाव चुकू नये म्हणून गिऱ्हाइकाने आधी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायचं आणि मगच तिने सुई लावायची, हा तिचा नियम. त्यामुळे कुठलं नाव किती आलं ते तिला वही उघडल्यावर कळायचं, आणि पुष्कळदा न उघडताही. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या पोरीबाळी तिच्या शब्दावर बाळाचं ठरवलेलं नाव बदलायच्या.

अशा बाईने सख्ख्या भावजयीशी चार महिने धडधडीत खोटं बोलावं, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. पण ती बोलली. भीती पोटात शिरली की माणूस कसलंही खोटं बोलतं, आणि अंजनाच्या पोटात ती आठ वर्षं मुक्कामाला होती.

भूपेश तिचा पाठचा भाऊ. बदलापूरला बेलवलीत राहतो. वडील हरिचंद्र भोईर भातशेती करायचे. ते गेले, शेतावर बिल्डिंगा आल्या, आणि आता भूपेश त्याच बिल्डिंगांना पिण्याच्या पाण्याचे जार पोचवतो. त्याची बायको किर्ती. आठ वर्षांपूर्वी किर्तीला पहिला मुलगा झाला. घरात पहिलं नातवंड, आणि बाळाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मान आत्याचा, नाव मात्र आईबापांनी फोनवरच्या यादीतून काढलेलं, हीच आताची रीत. त्यांनी निहार काढलं. अंजनाला ते इतकं आवडलं की तिला दम निघेना. बाळ तीन दिवसांचं होतं. दुपारी बाजार थंड पडल्यावर तिने चंदरशेठकडून एक चांदीची वाटी निवडून घेतली आणि तिच्यावर झोकदार अक्षरात लिहिलं, चि. निहार यास आत्याकडून.

आता इथे तिची चूक काय झाली ते सांगायला हवं. भोईरांच्या घरात बाळाच्या सहाव्या दिवशी सटवाई पुजतात. पाट मांडायचा, दिवा लावायचा आणि पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं. सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय आहे ते लिहून जाते. तोवर बाळाचं काही लिहायचं नाही. अंजनाला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं, आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं होतं. पण हौस आडवी आली. बारशाला अजून अवकाश आहे, वाटी पिशवीत राहील, कुणाला कळणार, असं तिने स्वतःला सांगितलं.

पाचव्या दिवशी बाळ गेलं. इन्फेक्शन झालं होतं म्हणाले, लहान जीव, तग धरला नाही. बेलवलीच्या घरात सहाव्या दिवसासाठी आणलेला कोरा कागद तसाच कपाटावर राहिला. अंजनाने तो पाहिला आणि तिला आपली वाटी आठवली. देवीने लिहायच्या आत आपण लिहून मोकळ्या झालो. तिला लिहायला जागाच ठेवली नाही. म्हणून तिने पोर परत नेलं.

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, शिवमंदिरात रोज हात जोडते त्या देवालाही नाही. वाटी तिने जुन्या ब्लाउजच्या तुकड्यात गुंडाळली आणि अंबरनाथच्या आपल्या घरी तांदळाच्या डब्यात तळाला घातली. पुढे दोनदा ते नाव खरवडून काढायला ती बसली. एकदा ‘नि’च्या वेलांटीवर सुई टेकवलीही. एक ओरखडा उठला आणि तिने मशीन बंद केली. वाटी पुन्हा तांदळाखाली गेली.

मधली वर्षं वाईट गेली. किर्तीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना काही पार पडला नाही. दरवेळी अंजना डब्यातले तांदूळ मापताना हात आवरून मापायची. तळापर्यंत हात घालायची तिची छाती नव्हती.

आणि मग गेल्या थंडीत मुलगी झाली. वेळेच्या आधी झाली, एवढीशी, मुठीत मावेल अशी. पहिले वीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. सहावा दिवसही तिथेच गेला. तुळशीबाईंनी, म्हणजे अंजनाच्या आईने, घरी रिकाम्या पाळण्यासमोर पाट मांडला, कोरा कागद ठेवला आणि देवीला सांगितलं की पोर दवाखान्यात आहे, तिकडे जाऊन लिही. पत्ता सुद्धा सांगितला. हसू नका, ज्याच्या घरात हे झालेलं असतं त्याला हसू येत नाही. मुलगी घरी आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला भोक आहे. आपोआप बुजण्यातलं नाही. वजन पाच किलोच्या वर गेलं की ऑपरेशन करू.

किर्ती आणि भूपेश नावाच्या मागे लागले. इतकं सोसून झालेली मुलगी, तिला गल्लीतलं कुठलंतरी नाव कसं चालेल? नाव असं हवं की बदलापुरात दुसऱ्या कुणाचं नसेल. आणि हे सांगणारी तज्ज्ञ तर घरचीच. किर्तीने फोनवर पहिलं नाव पाठवलं, मायरा. अंजनाने खरं सांगितलं, अगं, रोज एक येते. दुसरं अनायरा. तेही थोडंफार खरंच होतं. पण तिसरं नाव आलं ते चांगलं होतं, वेगळं होतं, वहीत कुठेही नव्हतं, आणि ते वाचताक्षणी अंजनाला पुढचं सगळं दिसलं. आता हे पक्कं होणार. बारसं ठरणार. वाटीवर घाल म्हणणार. तिने लिहिलं, या महिन्यात तीन आली.

मग तिला ते जमतच गेलं. चौथं नाव कुळगावच्या जुळ्यांपैकी एकीचं आहे. पाचवं कात्रपच्या एका डॉक्टरीणबाईंनी कालच घातलं. सहावं तर शेजारच्या फर्निचरवाल्याच्या नातीचं. नसलेल्या पोरींना तिने आईबाप दिले, पत्ते दिले, एकीला तर घारे डोळेही दिले. भूपेश वैतागून म्हणाला की ताई, तुझ्या वहीप्रमाणे आता या जिल्ह्यात पोरींना नावंच उरली नाहीत.

तुळशीबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. भूपेशच्या आधी त्यांची दोन मुलं गेली होती, म्हणून भूपेशला शाळेत घालेपर्यंत त्या धोंड्या म्हणत. चांगलं नाव असलं की नजर जाते, बोलावणं येतं. त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, “नाव ठेवाची घाई नको बाय. पयले पोर घट्ट होऊं दे.” अंजनाला तेवढा आधार पुरला. आपण एकट्या वेड्या नाही असं तिला वाटलं. बिननावाच्या पोरीला कोण बोलावणार? यादीत नाव नाही तर हाक कशी मारणार? दवाखान्याच्या फायलीवर सुद्धा ‘बेबी ऑफ किर्ती’ होतं आणि ते वाचून तिला बरं वाटायचं. सकाळी कामावर निघण्याआधी ती शिवमंदिरात जायची, तर तिथेही फक्त भूपेशच्या लेकीला सांभाळ म्हणायची. देवालाही नाव माहीत नको.

सुट्टीच्या दिवशी ती बेलवलीला जायची. मुलीला दूध पिताना पाहणं म्हणजे शिक्षा होती. दोन घोट घेतले की पोर थकायची. कपाळावर दरदरून घाम यायचा, बरगड्या आत-बाहेर व्हायच्या. किर्ती पदराने घाम टिपायची आणि पुन्हा जवळ घ्यायची. अंजना समोर बसून पोरीचे श्वास मोजायची. पन्नास, पंचावन्न, साठ. एखादा श्वास लांबला की तिचा स्वतःचा अडकायचा. किर्ती विचारायची, ताई, काही सुचलं का नाव? अंजना म्हणायची, बघते गं, चांगलंच बघू, घाई कशाला.

चौथ्या महिन्याच्या शेवटी काटा एकदाचा पाच किलोवर गेला. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलने तारीख दिली, बुधवार. त्याच संध्याकाळी किर्तीचा फोन आला. रविवारी बारसं करायचं, ऑपरेशनच्या आधी. नाव तिने ठरवलंय, सावनी. फार येतं का ते तेवढं सांगा.

अंजनाने सांगून टाकलं की या वर्षात चार सावन्या झाल्या. वर म्हणाली, एवढी घाई का, बुधवार पार पडू दे, पोरगी खडखडीत बरी होऊ दे, मग थाटात करू. फोन कधी बंद झाला ते अंजनाला कळलं नाही, ती बराच वेळ कानाला लावून बसली होती.

शुक्रवारी दुपारी अंजना एका लग्नाच्या सतरा भांड्यांवर नाव घालत होती. मशीनच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही. सतरावा डबा खाली ठेवून ती वळली तर चंदरशेठच्या स्टुलावर किर्ती. पोरीला सासूपाशी ठेवून ती रिक्षाने एकटीच आली होती. मांडीवर अंजनाची वही. चंदरशेठने तिला चहा दिला होता, तो तसाच निवत होता, आणि ती एकेक पान बोटाने वरपासून खालपर्यंत वाचत होती.

वही हिसकावून घ्यावी असं अंजनाला वाटलं, पण हात उचलला गेला नाही. किर्तीने शेवटचं पान वाचलं, वही मिटली आणि नीट टेबलावर ठेवली.

“एकसुद्धा सावनी नाही, ताई.”

चंदरशेठला काय कळलं देव जाणे. “गायकर बाई, आज का काम हो गया, कल करना,” असं म्हणून तो गल्ल्यावरून उठून आत गोडाऊनमध्ये गेला.

किर्ती रडली नाही, ओरडली नाही. ती रडली असती तर अंजनाला सोपं गेलं असतं. मागची सगळी नावं तिने वहीत शोधली होती. कुळगावची जुळी नव्हती, घाऱ्या डोळ्यांची पोरगी नव्हती. तिला वाटायचं ताईंना हौस नाही, मुलगी झाली म्हणून मनातून उतरली असेल. आठ वर्षं तुम्ही माझ्याशी नीट डोळे मिळवले नाहीत, म्हणाली. मग थांबली, आणि तिने जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“माझा पहिला बिननावाचा गेला, ताई. दाखल्यावर काय लिहिलंय माहितीय? किर्ती भोईर यांचे बाळ. मी त्याला मनात निहार म्हणते. पण ते नाव त्याला दिलंच नव्हतं कुणी. कानात सांगितलं नाही, कागदावर लिहिलं नाही. उद्या मी मेले की त्याला नाव होतं हेसुद्धा संपेल. आता हिलाही तशीच पाठवू का? ऑपरेशनच्या टेबलावर किर्तीचं बाळ म्हणून झोपवू? मला रोज तीच भीती वाटते. ती जाईल याच्याहून जास्त, ती अशीच जाईल याची.”

अंजना ऐकत राहिली. चार महिने ती समजत होती की या घरात भ्यायलेली ती एकटीच. आणि ही बाई समोर बसून तिच्याहून जास्त भीत होती, फक्त उलट्या बाजूने. ज्या बिननावपणाला तिने आडोसा समजून धरून ठेवलं होतं, त्याचीच किर्तीला धडकी होती.

मशीनची वायर काढून तिने गुंडाळली आणि किर्तीला म्हणाली, चल. कुठे, का, काही नाही. दोघी रिक्षात बसल्या. रिक्षा अंबरनाथला निघाली. अंजनाच्या मनात एकच, आता ही मला माफ करणार नाही, भाऊ तोडेल, आई तोंड बघणार नाही. तरी ती घरी गेली, तांदळाचा डबा ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तांदूळ फरशीवर सांडले. तिने पुडकं काढलं, तुकडा सोडला आणि वाटी किर्तीच्या हातात दिली.

चांदी काळवंडली होती. किर्तीने अंगठ्याने पुसली. मग ती ते नाव वाचत राहिली, एकेका अक्षरावरून बोट फिरवत.

अंजनाने सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, खाली बघून, एका दमात. तिसरा दिवस, थंड बाजार, हौस, कोरा कागद. माझ्या हाताने झालं. देवीच्या आधी मी लिहिलं. मी त्याला खाल्लं, किर्ती. म्हणून मी हिचं नाव लांबवत होते. हिला मी लपवत होते.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. अंजना मार खायची वाट बघावी तशी उभी होती.

“कितव्या दिवशी लिहिलं म्हणालात?”

“तिसऱ्या.”

“म्हणजे तो होता.”

“होता.”

“म्हणजे त्याला नाव होतं,” किर्ती म्हणाली, आणि वाटी छातीशी धरून मट्‌कन तांदळातच खाली बसली. मग मात्र ती रडली, अशी रडली की शेजारची बाई दारात येऊन परत गेली. अंजना तिच्याशेजारी बसली. तिला वाटलं होतं हात झिडकारेल. किर्तीने हात धरून ठेवला.

जाताना तिने सांगितलं की मुलीला नवी वाटी नको. हीच द्या. याच्यावरच तिचं नाव घाला, खाली जागा आहे.

शनिवारी सकाळी अंजनाने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, सावनी. नियम तो नियम. मग सुई लावली. तिची भीती गेली असं समजू नका. एका वाक्याने आठ वर्षांची भीती जात नाही, जाते असं कुणी सांगितलं तर तो माणूस कधी खरा भ्यायलेला नाही असं खुशाल समजा. तीन वेळा तिला मशीन बंद करून पाणी प्यावं लागलं. अजून बारसं व्हायचंय, अजून बुधवार यायचाय, आणि मी पुन्हा आधी लिहितेय, हे तिच्या डोक्यात सारखं घुमत होतं. ‘नी’ची वेलांटी जराशी वाकडी आली. बावीस वर्षांत वाकडी आलेली ती पहिली.

रविवारी बेलवलीत बारसं झालं, घरच्या घरी. पाच-सहा बायका, घुगऱ्या, पाळण्याला झेंडूची माळ. तुळशीबाई कोपऱ्यात तोंड मिटून बसल्या होत्या, पण दिवा त्यांनीच लावला. अंजना पाळण्यावर वाकली. पोर जागी होती, टकामका बघत होती, श्वास तेवढाच जोरात. अंजनाने कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीत धपाधप बुक्के बसले, आत्याला ते खावेच लागतात. एक बुक्का असा बसला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वळून बघते तो किर्ती. आई कधी बुक्के मारत नाही, पण तिने मारला.

बुधवारी सकाळी त्यांनी मुलीला आत नेलं. ती पाच तास आत होती. भूपेश जिन्यात फेऱ्या मारत होता, तुळशीबाई माळ ओढत होत्या. दार उघडलं की अंजना उभी राहायची. दर वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं, आणि कुणीतरी धडपडत उठायचं. बोलावणं नावाने येतं, आई म्हणायची. आता हिलाही नाव आहे. ते फायलीवर आहे, मनगटाच्या पट्टीवर आहे, ते आपण स्वतः दिलंय. आता हिला कुणीही बोलावू शकतं.

दुपारी उशिरा डॉक्टर बाहेर आले. भोक बुजवलंय, पण बाळ अशक्त आहे, शुद्धीवर कशी येते त्याच्यावर सगळं आहे. एक रात्र गेली. गुरुवारची दुपार झाली. पोरगी शुद्धीवर येईना. औषध कमी केलंय, आता यायला हवी होती, असं आतली नर्स बाहेरच्या नर्सला म्हणाली ते अंजनाने ऐकलं आणि ती भिंतीला टेकली.

तेवढ्यात दार उघडलं.

“सावनी भोईर! सावनीचं कोण आहे?”

आठ वर्षं ज्या हाकेला ती भ्यायली ती हीच. भूपेश औषध आणायला खाली गेला होता. किर्ती उठायला गेली आणि तिचा झोक गेला. अंजनाने तिला धरलं आणि म्हणाली, आम्ही, ही आई, मी आत्या. नर्सने दोघींना टोप्या दिल्या, हात धुवायला लावले आणि आत नेलं.

एवढ्या मोठ्या पलंगावर एवढीशी पोर. छातीवर पट्टी, नाकात नळी, डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, ओळखीचा आवाज लागतो यांना. जवळ जा आणि नावाने हाक मारा.

किर्तीने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. आठ वर्षं तिने मनातल्या मनातच हाका मारल्या होत्या, एका अशा पोराला जे ऐकू शकत नव्हतं. मोठ्याने कशी मारायची ते तिच्या गळ्याला माहीतच नव्हतं. तिने अंजनाकडे पाहिलं.

अंजना वाकली, रविवारी वाकली होती त्याच कानाशी.

“सावनी.”

काहीच झालं नाही. पडद्यावरची रेघ वर-खाली होत राहिली. अंजनाने पलंगाची दांडी धरली.

“सावनी, ए बाय. मी आत्या.”

उजव्या डोळ्याची पापणी हलली. इतकी थोडी की भास वाटावा. पण किर्तीनेही पाहिली, कारण तिची बोटं अंजनाच्या दंडात रुतली.

“अजून एकदा,” नर्स म्हणाली.

अंजनाने अजून एकदा हाक मारली.